पेशीला जागा सोडायला कोण सांगतं? (गालाचा कर्करोग, बायोप्सी आणि घरातला वाद)

नीराकाठ

नमस्कार. मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. प्रश्न धाकट्या दिरांबद्दल आहे, वय ४१. कॉलेजात असल्यापासून मावा. गेली काही वर्षं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, तिखट अजिबात सहन व्हायचं नाही, पण दाढेचं काहीतरी असेल म्हणून चाललं होतं. दिवाळीनंतर डाव्या गालाच्या आत न भरणारी जखम दिसली. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातल्या पेशींचा कर्करोग, निघाला. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत दीड महिना गेला. गालाचा भाग आणि त्याच बाजूच्या मानेतल्या ग्रंथी काढल्या. रिपोर्ट असा: गाठ ३.२ सेंमी, खोली ११ मिमी, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेला कर्करोग नाही), परिन्यूरल इन्व्हेजन आहे (पेशी मज्जातंतूच्या कडेने शिरल्या आहेत), ट्यूमर बडिंग जास्त, मानेतल्या एका ग्रंथीत कर्करोग, पण तो ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलेला नाही. गाठीचा टप्पा पीटी३, ग्रंथींचा एन१. आता रेडिएशन सांगितलं आहे.

घरात वाद पेटला आहे. सासूबाई म्हणतात, सुरी लावली नसती तर मानेत गेलाच नसता. बायोप्सीच्या वेळी मानेला हाताला काही लागत नव्हतं, हे खरं आहे. त्यामुळे त्यांचं म्हणणं येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना पटतं. आता दीरही म्हणायला लागलेत की आणखी छेडछाड नको, रेडिएशन नको.

वर्गात मी सांगते की अभिस्तर ऊतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, खाली आधारपटल असतं. मग अशी पेशी सुटते कशी? म्यूटेशनमुळे ती भराभर विभागते हे समजतं. पण ती चालायला लागते, नसेच्या (मज्जातंतूच्या) कडेने जाते, मानेत जाऊन बिऱ्हाड करते, हे तिला कोण सांगतं? सुरीमुळे ती सुटू शकते का? मला घरी सांगायचं आहे, त्यामुळे धीर देण्यासाठी काही नको. जे आहे ते सांगा.

कृष्णाथडी

ताई, वडिलांना जिभेचा होता, त्यामुळे थोडं अनुभवाने सांगतो. रेडिएशन सुरू होण्याआधी दंतवैद्याला दाखवाच. किडलेले दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते, नंतर काढणं फार अवघड होतं. ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं असं आम्हाला सांगितलं होतं, त्यामुळे वादात दिवस घालवू नका. तोंड उघडायचे व्यायाम आजपासूनच, दुखलं तरी.

तुमच्या मूळ प्रश्नाचं मला एवढंच माहीत आहे की म्यूटेशन्स साठत जातात आणि त्यातलं एखादं पसरवणारं असतं. जाणकार सांगतीलच.

काचपट्टी

नीराकाठ ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. माझ्या टेबलावर येणाऱ्या कर्करोगांत गाल आणि हिरडी सगळ्यात जास्त. तुमचा प्रश्न मी रोज मायक्रोस्कोपखाली बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं. हाताला लागत नव्हतं म्हणजे मानेत नव्हतं, असं होत नाही. ग्रंथी हाताला लागायला ती बरीच फुगावी लागते. आम्हाला कापलेल्या ग्रंथीत मिलिमीटरभराचा पुंजकाही सापडतो. टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर मोठी चाचणी केली, ती २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. तोंडाचा सुरुवातीचा कर्करोग आणि हाताला मोकळी मान, असे रुग्ण घेतले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, दुसऱ्या गटात मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले. लगेच काढलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या ग्रंथींत कर्करोग आधीच पोचलेला होता. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. त्या चाचणीतल्या गाठी दिरांच्या गाठीपेक्षा लहान टप्प्यातल्या होत्या. त्यांची गाठ ११ मिलिमीटर खोल आहे. बायोप्सीच्या दिवशी मानेत पेशी असणार याची शक्यताच जास्त.

आता पेशीचं. निरोगी गालाचा तुकडा ई-कॅडहेरिन या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनासाठी रंगवला की प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ दिसते, शेजारणीच्या रेघेला लागून. क्योतोच्या मासातोशी ताकेइचींनी शोधलेल्या कुळातलं हे प्रथिन. त्याचा बाहेरचा भाग कॅल्शियमच्या मदतीने शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला धरतो, आतला भाग बीटा-कॅटेनिनमार्फत पेशीच्या आतल्या ॲक्टिन तंतूंच्या सांगाड्याला जोडलेला असतो. तुम्ही वर्गात सांगता तो घट्टपणा बराचसा याचा. दिरांसारख्या गाठीच्या मधल्या भागात ही रेघ पुष्कळदा शाबूत असते. पण जिथे गाठ स्नायूत घुसते आहे त्या कडेला ती फिकट, तुटक होते आणि तिथेच एकएकट्या किंवा दोन-चार पेशींचे सुटे पुंजके दिसतात. रिपोर्टातलं ट्यूमर बडिंग ते हेच.

गाठ तीच, बहुतेक म्यूटेशन्सही तीच, तरी मधल्या पेशी एक वागतात आणि कडेच्या दुसरं. फरक शेजाराचा आहे. कडेच्या पेशींना लागून फायब्रोब्लास्ट (कोलॅजनचे तंतू घालणाऱ्या पेशी) असतात, मॅक्रोफेज (भक्षक पांढऱ्या पेशी) असतात, कोलॅजन असतं, नसा असतात, आणि हे सगळे सतत संदेश सोडत असतात.

कृष्णाथडी, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. म्यूटेशन्सशिवाय कर्करोग नाही. गाल-हिरडीच्या कर्करोगाची जनुकं भारतातच वाचली गेली, टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी मिळून, २०१३ साली. टीपी५३, कॅस्पेस-८, नॉच१, एचरास अशी बिघडलेली जनुकं सापडली. पण त्यांत 'पसरवणारं म्यूटेशन' म्हणावं असं एक जनुक नाही, आणि इतर अवयवांच्या कर्करोगांतही असं सर्वांना लागू पडणारं जनुक सापडलेलं नाही. चालायची विद्या पेशीकडे आधीपासून असते. गर्भात असताना ती वापरली जाते. मज्जारज्जू घडताना न्यूरल क्रेस्ट या तिच्या कडेच्या पट्ट्यातल्या पेशी अभिस्तरातून सुटून चेहऱ्याच्या हाडांपर्यंत जातात. १९८२ साली हार्वर्डच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ हे यांनी डोळ्याच्या भिंगाचं अभिस्तर कोलॅजनच्या जेलमध्ये ठेवलं, तर एका जागी बसणाऱ्या त्या पेशी लांबट झाल्या आणि जेलमधून चालू लागल्या. जनुकं बदलली नव्हती, भोवताल बदलला होता. या बदलाला आज ईएमटी (एपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन, अभिस्तर पेशीची फिरती पेशी होणं) म्हणतात.

संदेश पुष्कळ आहेत, पण दिरांच्या बाबतीत मी टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनावर बोट ठेवीन. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटतो, ग्राहक आत स्मॅड नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतो, स्मॅड केंद्रकात जातात आणि तिथे स्नेल, स्लग, झेब अशी नियंत्रक प्रथिनं तयार होऊ लागतात. २००० साली माद्रिद आणि बार्सिलोनाच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की स्नेल थेट ई-कॅडहेरिनच्या जनुकावर जाऊन बसतो आणि ते बंद करतो. मग रेघ पुसट होते. त्याच वेळी व्हायमेंटिन हे फिरत्या पेशींचं प्रथिन वाढतं, आधारपटल आणि कोलॅजन कापणारी एमएमपी विकरं बाहेर पडतात, रॅक आणि रो ही प्रथिनं ॲक्टिनची पुन्हा मांडणी करतात, आणि पेशी पुढच्या बाजूला पाय काढल्यासारखा पसरट भाग काढून सरकते.

टीजीएफ-बीटा का, ते सांगते. दिरांचं तोंड दोन बोटं उघडायचं, तिखट सोसायचं नाही. हे सबम्युकस फायब्रोसिसचं, म्हणजे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साठून ते टणक होण्याचं, वर्णन आहे. सुपारीतलं ॲरेकोलिन अभिस्तर पेशींमध्ये टीजीएफ-बीटाचा मार्ग चालू करतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) पातुरू कोंडय्या यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली दाखवलं. त्या संदेशाने फायब्रोब्लास्ट कोलॅजन घालत राहतात आणि गाल टणक होतो. म्हणजे पेशींना सुटं करू शकणारा संदेश त्या गालात बायोप्सीच्या कितीतरी वर्षं आधीपासून मुबलक होता. कर्करोगाआधीच जमीन तयार होत होती. वीस-बावीस वर्षांच्या मुलांचं आवळलेलं तोंड बघते तेव्हा मला हेच दिसतं आणि फार वाईट वाटतं.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून. हाच टीजीएफ-बीटा निरोगी पेशीला "विभागू नकोस" असं सांगतो. तो पी१५ आणि पी२१ ही थांबवणारी प्रथिनं वाढवतो. मग तोच संदेश पुढे उलटा का वागतो? कारण ऐकणारी पेशी बदललेली असते. टीपी५३ बिघडल्याने पी५३ हे आवर घालणारं प्रथिन गेलेलं, तोंडाच्या कर्करोगात बहुधा तसंच पी१६ही गेलेलं, वरून ईजीएफआर (वाढीचा संदेश घेणारा ग्राहक) आणि रासचा मार्ग सतत चालू. अशा पेशीत थांबण्याचा हुकूम पोचला तरी अमलात आणणारं कोणी उरत नाही, आणि सुटण्याचा भाग तेवढा चालतो. म्यूटेशन आणि संदेश यांची सांगड इथे आहे, कृष्णाथडी. पहिल्यामुळे दुसऱ्याचा अर्थ बदलतो.

परिन्यूरल इन्व्हेजनबद्दल थोडक्यात. नसेतून आणि तिच्या आवरणातल्या पेशींकडून वाढ-घटक सुटतात आणि कर्करोगाच्या पेशी त्या दिशेने जातात. उलट बाजूनेही बोलणं चालतं. २०२० साली नेचरमध्ये आलेल्या कामात दिसलं की तोंडाच्या कर्करोगात पी५३ गेलं की गाठ सोडत असलेल्या मायक्रोआरएनएमध्ये (जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या छोट्या आरएनएमध्ये) फरक पडतो आणि भोवतालच्या संवेदी नसांचा स्वभावच बदलतो. म्हणून त्या एका ओळीला आम्ही एवढं महत्त्व देतो. रेडिएशन सांगण्यामागे ग्रंथीइतकाच त्या ओळीचाही हात आहे.

नीराकाठ

डॉक्टर, दोनदा वाचलं. मनापासून आभार. गालाच्या टणकपणाचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

पण एक अडचण आहे, आणि सासूबाई नाही तरी माझे विद्यार्थी ती नक्की काढतील. जखम भरतानाही हेच संदेश सुटतात ना? प्लेटलेट्समध्ये टीजीएफ-बीटा असतो हे मीच शिकवते. मग बायोप्सीची जखम म्हणजे त्या पेशींना निमंत्रणच नाही का?

आणि दुसरं: हा संदेश औषधाने अडवता येत नाही का?

वाघोली_एक्सप्रेस

पुण्यात याच विषयावर पीएचडी करतो आहे. दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, पहिलं डॉक्टरच सांगू देत.

त्याआधी वरच्या चित्रात एक भर. 'पेशी पूर्ण सुटी होते, एकटी जाते' असं पाठ्यपुस्तकी चित्र तोंडाच्या कर्करोगाला नीट बसत नाही. २०१७ साली बोस्टनच्या गटाने डोके-मानेच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या जवळपास ६,००० पेशी एकेक करून वाचल्या. कडेच्या पेशींमध्ये ईएमटी होती, पण अर्धवट. व्हायमेंटिनसारखी जनुकं चालू, आणि अभिस्तराची बरीचशी ओळखही शिल्लक. या पेशी फायब्रोब्लास्टना लागून होत्या, आणि ज्या गाठींत त्या जास्त, त्या गाठी मानेत जाण्याची शक्यता जास्त. बंगळूरचे मोहित कुमार जॉली गणिती प्रतिमाने करून या मधल्या अवस्थेवरच काम करतात. मधल्या पेशी एकमेकींना थोड्या धरून असतात, म्हणून घोळक्याने सरकतात. स्तनाच्या कर्करोगावर २०१४ साली झालेल्या कामात रक्तातल्या अशा घोळक्यांची नवीन गाठ रुजवण्याची ताकद एकट्या पेशीच्या २३ ते ५० पट निघाली. तर २०१५ साली उंदरांवरच्या दोन अभ्यासांत पूर्ण ईएमटी रोखली तरी फुप्फुसात प्रसार झालाच, स्वादुपिंडाच्या कर्करोगातही प्रसार थांबला नाही. ईएमटी औषधांना दाद न देण्याशी मात्र जोडलेली दिसली. यावर आमच्या क्षेत्रात अजून जोरात वाद चालतो. माझं मत विचाराल तर 'ईएमटी आहे की नाही' हा प्रश्नच चुकीचा आहे. किती आणि कुठे, हे विचारायला हवं.

आता औषध. ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब डोके-मानेच्या कर्करोगात २००६ पासून मान्यताप्राप्त आहे, भारतात निमोटुझुमॅबही वापरतात. पण दिरांच्या स्थितीत, म्हणजे कडा मोकळ्या आणि ग्रंथीचं आवरण शाबूत असताना, नेहमीचा उपचार रेडिएशनच. टीजीएफ-बीटा अडवणं अवघड का, ते डॉक्टरांच्या लिहिण्यातच आहे. निरोगी आणि अर्धवट बिघडलेल्या पेशींसाठी तो ब्रेक आहे, सरसकट काढला तर दुसरीकडे धोका. एमएमपी विकरं अडवणाऱ्या औषधांवर नव्वदच्या दशकात फार आशा होती. मोठ्या चाचण्यांत ती अपयशी ठरली, सांधेदुखी मात्र झाली. म्हणून कोणी 'प्रसार थांबवणारी पुडी' विकत असेल तर पैसे जपून ठेवा.

काचपट्टी

वाघोली, अर्धवट अवस्थेचं बरं लिहिलंत. ग्रंथीच्या स्लाइडमध्ये मला त्याचं टोक दिसतं. गालाच्या कडेला विस्कटलेल्या, लांबट पेशी असतात, आणि मानेतल्या ग्रंथीत त्याच पेशी पुन्हा एकमेकींना धरून बसलेल्या, मध्ये केराटिनचे गोल थर घालणाऱ्या. पोचल्यावर त्या परत अभिस्तर व्हायला लागतात. भोवतालचे संदेश बदलले की वागणं बदलतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मी तरी पाहिलेला नाही. शिवाय त्या मानेतच का जातात? गालाची लसिका तिकडे वाहते हे एक. आणि ग्रंथी सीसीएल२१ नावाचा संदेश सोडतात, तो ऐकणारा सीसीआर७ हा ग्राहक मुळात पांढऱ्या पेशींचा, तो काही कर्करोग पेशीही पृष्ठभागावर आणतात.

नीराकाठ ताई, जखमेचा तुमचा प्रश्न रास्त आहे. हो, बायोप्सीच्या जागी प्लेटलेट्स टीजीएफ-बीटा सोडतात. हार्वर्डच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ सालीच गाठ आणि जखम यांचं हे साम्य मांडलं होतं. फरक काळाचा आहे. बायोप्सीची जखम काही मिलिमीटरची, तोंडात ती आठवडा-दोन आठवड्यांत भरून येते आणि संदेश ओसरतात. मावा चुन्यासकट त्याच गालात वर्षानुवर्षं, तासन्‌तास राहिला. तिथे रोज ओरखडे उठले, रोज जखम भरायचे संदेश सुटले आणि त्यात ॲरेकोलिनची भर पडत गेली. या दोन्हींची बरोबरी होत नाही. सुरीला दोष देताना एवढं ध्यानात असावं. दिरांना हे दोष म्हणून सांगू नका, ते आधीच खचलेले असतील. पण मावा आता पूर्ण बंद, कारण रेडिएशन चालू असताना तंबाखू सुरू राहिली तर उपचाराचा परिणाम कमी होतो.

समजा बायोप्सीत चार पेशी रक्तात गेल्या, तरी जाणं आणि रुजणं वेगळं. आयझाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या शिरेत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या, खुणा केलेल्या पेशी सोडल्या. एका दिवसानंतर हजारात एकही धड जिवंत नव्हती, आणि गाठ होईपर्यंत टिकलेल्या दहा हजारांत एकापेक्षाही कमी. नव्या जागी जगायला, वाढायला लागणारे संदेश ज्यांना मिळतात त्याच उरतात. सुरी पेशीला हे शिकवत नाही.

तुम्ही जे आहे ते मागितलंत, म्हणून हेही सांगते: सुईच्या वाटेने पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, उदाहरणार्थ यकृताच्या गाठींत, पण कमी. अंडकोषाच्या गाठीत तर बाहेरून सुई घालत नाहीत, अवयवच काढून तपासतात. म्हणजे डॉक्टर मंडळींना हा धोका ठाऊक असतो आणि जागेप्रमाणे पद्धत ठरते. गालात तुकडा घेतल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाही, आणि तो भाग पुढे ऑपरेशनमध्ये निघूनच जातो.

सासूबाईंना मी एकच गोष्ट सांगेन. मान आधीच साफ केली म्हणून ती ग्रंथी लहान असताना, आवरणाच्या आत असताना सापडली. आवरण फुटल्यावर सापडली असती तर रेडिएशनबरोबर केमोही द्यावी लागली असती.

नीराकाठ

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद दिरांना तसाच्या तसा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, किती दिवस? तीस वेळा म्हटल्यावर म्हणाले, बघू. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण माव्याची उरलेली पुडी त्यांनीच कपाटातून काढून टाकली. दंतवैद्याची वेळ उद्याची घेतली आहे.

एकच विचारायचं राहिलं. ट्यूमर बोर्डाचं (निरनिराळ्या तज्ज्ञांच्या मंडळाचं) मत दुसऱ्या ठिकाणीही घ्यावं असं दिरांच्या मित्राने सुचवलं. त्यासाठी पुन्हा तुकडा घेतील का?

काचपट्टी

नाही. जिथे तपासणी झाली तिथून पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि रंगवलेल्या स्लाइड्स मागून घ्या, रुग्णाला त्या मिळतात. रिपोर्टाची मूळ प्रत, ऑपरेशनची नोंद आणि स्कॅनची सीडी सोबत ठेवा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. दुसरं मत घ्या, पण त्यासाठी रेडिएशनची तारीख पुढे ढकलू नका. दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.